तात्या हर्णैला जेवले

गेल्या शनिवारी तात्यांना घेऊन हर्णैला गेले होते. तात्या म्हणजे माझे वडील, घाटावरच्या बोरी बुद्रुकचे शेतकरी. आणि हर्णै म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं, मनूचं सासर.

मनू अवसरीला इंजिनिअरिंगला होती, तिथंच तिला सागर भेटला. हर्णैच्या कोळीवाड्यातला मुलगा. तात्या लग्नाला आले नाहीत. भांडले नाहीत, ओरडले नाहीत, फक्त मनूचं नाव घ्यायचं त्यांनी बंद केलं. आई मधे दोनदा जाऊन आली, तेव्हाही त्यांनी काही विचारलं नाही...

या महिन्यात मनूच्या सासूबाईंनी स्वतः तात्यांना फोन केला. एकदा येऊन लेकीचं घर तरी बघून जा, एवढंच म्हणाल्या.  दोन दिवसांनी तात्या मला म्हणाले, "शनवारी गाडी काढ."

पूर्ण घाटात तात्या समोरच्या रस्त्याकडे बघत बसले. डोंगर संपता संपता एका वळणावर खाली एकदम समुद्र दिसला, पाण्यातला सुवर्णदुर्ग दिसला. मी गाडी थांबवली. तात्यांनी काच खाली केली, बघितलं, आणि पुन्हा वर केली.

मनूच्या घरी पोचलो तर तात्या ओट्यावरच्या खुर्चीत बसले. चहा घेतला, पण आत काही गेले नाहीत. मनू पाया पडली तेव्हा डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. ती दिवसभर आत-बाहेर करत राहिली... मला बघवत नव्हतं.

संध्याकाळी मनूच्या सासूबाई बंदरावर निघाल्या. मासळीचा लिलाव असतो, चला, म्हणाल्या. तात्या उठले, बहुतेक ओट्यावर बसून राहण्यापेक्षा बरं म्हणून.

हर्णैच्या बंदराला मोठ्या होड्या किनाऱ्याला लागत नाहीत. मासळी आणायला बैलगाड्या थेट समुद्रात जातात. पोटापर्यंत पाणी, लाटा अंगावर येतायत आणि बैल शांत उभे! तात्यांच्या दावणीला एकेकाळी शर्यतीचे बैल होते. मी बघते तर तात्या पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात.

एका बैलाच्या मानेवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. मग दिवसभरात पहिल्यांदा आपणहून बोलले, तेही सासूबाईंशी. "खाऱ्या पाण्यानं खुरं न्हाई व्हय खराब होत?"

"घरी नेऊन गोड्या पाण्यानं धुतात ना. आधी बैल, मग माणसाची आंघोळ," सासूबाई म्हणाल्या. तात्या हसले. खरंच हसले...

रात्री जेवायला बसलो. तात्या आत आले, पाटावर बसले. समोर पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा. भाकरीच्या कडा फाटलेल्या, कारण सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बाजरी थापली होती, मनूकडून शिकून. ताटं, वाट्या, पातेलं, सगळं कोरं. पातेल्यावरचं स्टिकर अर्धवट निघालेलं.

"भांडी नवीन आणलीत," त्या तात्यांना हळूच म्हणाल्या. "आमच्या मासळीला लागलेली नायत. तुमी बिनघोर जेवा."

तात्यांनी हात मागे घेतला. मनू दाराशी उभी होती, ती खाली बघायला लागली.

"मनू कशात जेवती?" तात्यांनी विचारलं.

"ती? ती आमच्यातच जेवते की... आमच्याच भांड्यात."

"मग मलाबी त्यातलंच वाढा, विहीणबाई."

सासूबाई पदराने डोळे पुसत आत गेल्या आणि रोजच्या पातेल्यातलं सुरमईचं कालवण आणि भात घेऊन आल्या. तात्या नदीचे मासे खाऊन वाढलेले, पण समुद्राची मासळी ताटात पहिल्यांदाच, म्हणून कालवणाला हात घालायला बिचकत होते. तेव्हा मनू त्यांच्या शेजारी येऊन बसली. एकेक काटा काढून तुकडे त्यांच्या भातावर ठेवत गेली. तेही खात गेले...

पिठलं-भाकरी मी, सागर आणि सासूबाईंनी संपवली. मस्त झाली होती.

सकाळी निघताना तात्या सासूबाईंना म्हणाले, "कांदा काढून झाला की या सगळी. मनूला घिऊन या. चार दिवस ऱ्हायाच्या बोलीवर."

माणूस आतून कधी वळतो ते आपल्याला दिसत नाही. पण त्या बाईंनी फोन केला नसता, तर आम्ही सगळे असेच गप्प राहिलो असतो. त्यांचं हे ऋण आयुष्यभर फिटायचं नाही.

काल बोरीला गेले होते. तात्या माळ्यावरच्या गाद्या काढून अंगणात उन्हाला टाकत होते. कांदा अजून शेतातच उभा आहे... म्हटलं, एवढी घाई कुणासाठी?

म्हणाले, "पावणं यायचंत. हर्णैचं."