पेटीतले जर्मन सूर

मी स्वभावानेच संशयी. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, मी न पोळताच फुंकायचो.

बाबा इकडे परदेशात, हॅमिल्टनला आमच्याकडे राहायला आले ते त्यांची पेटी घेऊनच. तिच्यात जुने जर्मन सूर, म्हणजे हवेने वाजणाऱ्या पितळी जिभा होत्या, आता मिळत नाहीत अशा. पहिल्याच हिवाळ्यात हीटिंगच्या कोरड्या हवेने भाता फाटला, दोन सूर मुके झाले आणि बाबांचं सकाळचं गाणं बंद पडलं. पेटीशिवाय ते गातच नसत. दिवसभर खिडकीशी बसून शेजाऱ्यांचं बर्फाचं शोव्हलिंग बघायचे. मला ते बघवेना.

कुणी तरी सांगितलं, इटालियन वस्तीत एक म्हातारा अकॉर्डियन दुरुस्त करतो, त्यातही असेच पितळी सूर असतात. एका बाजूला चांभार, दुसऱ्या बाजूला शिंपी, मधे याचं दुकान. आत सरसाचा वास. त्याने पेटी उघडून एक सूर भिंगातून पाहिला आणि इतका खूश झाला, की हा ते काढून दुसरेच बसवेल, अशी शंका मला आलीच. मी समोर बसतो म्हटलं, तर म्हणे कुणी बघत असलं की हात चालत नाही, आठवड्याने या. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मी पेटी तशीच घरी आणली. बायकोच्या नेलपॉलिशने प्रत्येक सुराच्या पितळी चौकटीवर ठिपका दिला, फोटो काढले. तो माणूस तुमच्या बाबांपेक्षा मोठा असेल, लाज वाटू द्या, असं बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाबांना सोबत यायचं होतं, पण फुटपाथवर बर्फ होता. त्यांना न नेता पेटी देऊन आलो.

चौथ्या दिवशी ऑफिसात त्याचा फोन आला. "काही सूर ऐकायला किंचित वर-खाली आहेत, पण प्रत्येक सप्तकात अगदी सारखेच. कुणी मुद्दाम केलंय का? तसेच ठेवू, की नीट करू?"

झालं सुरू, मला वाटलं. उद्या म्हणेल खराब होते, फेकून दिले.

"सगळे नीट करा," मी म्हणालो. "आणि तेच सूर परत हवेत, एकूण एक."

पेटी घरी आणल्यावर आधी फोटो समोर ठेवून ठिपके तपासले. सगळे जागच्या जागी. ओशाळलो, पण खरं सांगतो, हायसंही वाटलं.

बाबांनी आंघोळ करून पेटीला नमस्कार केला, षड्ज धरला. गंधारावर येऊन थांबले. पुन्हा वाजवून पाहिला. मग एकेक पट्टी दाबत शेवटपर्यंत गेले. तरुणपणी तंबोऱ्याशी जुळवत, कानशीने तासून त्यांनी स्वतः ती पेटी आपल्या गळ्याला लावली होती. हे मला तेव्हा त्यांच्याकडून कळलं. आता ती पियानोसारखी, सगळ्या सुरांत सारखंच अंतर ठेवून लागली होती, आणि कानस धरायला बाबांचा हात स्थिर राहिला नव्हता.

"त्यानं आधी तुला विचारलं नाही?" बाबा म्हणाले. "जाणकार माणूस विचारतो."

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी भाता मिटला. "मग पुन्हा त्याच्याकडे न्यायला नको."