मंदाबाईचा पहारा

बपेऱ्याच्या मंदाबाईचा कोणावर म्हणून भरवसा नव्हता. दूधवाल्याच्या मापावर नाही, गिरणीवाल्याच्या काट्यावर नाही, आणि धाकट्या सुनेवर तर मुळीच नाही. घराला कुलूप लावून ती चार पावलं जायची, मग परत येऊन ते ओढून पाहायची. अशा बाईच्या घरात नांदायचं म्हणजे काही सोपं काम नव्हतं.

तिच्या संशयाला कारण होतं, हेही सांगायला हवं. थोरला मुलगा लग्नानंतर नदीपलीकडे, मध्य प्रदेशात, सासुरवाडीलाच जाऊन राहिला. त्याची पोरं कधीमधी यायची, तिकडच्या बोलीत बोलायची आणि आजीला परक्या बाईसारखं 'आप' म्हणायची. ते 'आप' मंदाबाईच्या काळजाला लागलं होतं. त्यात धाकट्या मनिषनंही बायको पलीकडचीच केली, उर्वशी. मग त्यांच्या मुलाच्या, गोलूच्या, बारशालाच मंदाबाईनं सुनेला बजावलं, "पोरासंगं तुही बोली बोलाची नाही. बोलाचं असंन तं आपलं बोल."

उर्वशीनं मराठी बोलून पाहिलं. पण तिचा शब्द वाकडा पडला की मंदाबाई शेजारणींपुढे त्याची नक्कल करायची. हळूहळू उर्वशी बोलायचीच थांबली. मनिष पहाटे कामाला जायचा, तो पोर झोपल्यावरच घरी यायचा. स्वतः मंदाबाई नातवाशी बोलायची ती एवढंच, "खा", "गप बस", "तिकडं जाऊ नको".

गोलू दोन वर्षांचा झाला, तरी तोंडातून शब्द फुटेना. डॉक्टरांनी कान तपासले, ते ठणठणीत होते. अंगणवाडीच्या रत्नमालाबाईंनी विचारलं, "काकू, घरी याच्यासंगं बोलते कोन?"

"एवढ्याशा पोराले का समजते? बोलून का फायदा?"

"बोललं तंच समजंन ना. दोन बोली कानावर पडल्या तं काही बिघडत नाही. एकही नाही पडली तं बिघडते."

मंदाबाईचं डोकं घरी येईस्तोवर तापलं. दोन बोलींची गोष्ट या बाईला कोणी सांगितली? उर्वशीनंच कान भरले असणार. म्हणजे पोरगं मुकं नाहीच. मायलेक आपल्यामागे पलीकडच्या बोलीत गुलूगुलू बोलतात आणि आपल्यापुढे मूग गिळून बसतात. थोरल्याची पोरं गेली, तसा हाही हातचा जाणार. या विचारानं तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी "सिहोऱ्याच्या बाजारात जातो" असं सांगून ती पिशवी घेऊन निघाली, आणि वळसा घालून घरामागच्या परसात, सांदवाडीत, शिरली. कुडाच्या फटीला डोळा लावून बसली. मच्छर फोडून काढत होते, गुडघे भरून आले, पण बाई हलली नाही. चोरी आज पकडायचीच होती.

मागच्या अंगणात उर्वशी लाखोरीची भाजी निवडत होती. गोलू शेजारी बसला होता. उर्वशीनं बोटानं टोपली दाखवली, त्यानं ती सरकवली. त्यानं घागरीकडे हात केला, तिनं पाणी दिलं. सगळं मुक्यानं. एवढ्यात एक चिमणी भाजीजवळ उतरली. गोलू एकदम उठला, "चि... चि..." करत आईचा पदर ओढू लागला. उर्वशीनं दचकून दाराकडे पाहिलं आणि झटकन ओठांवर बोट ठेवलं.

मंदाबाईच्या हातातली पिशवी गळून पडली. रिकाम्या घरातही सून आपल्याला भिऊन होती, आणि पोराचा फुटू पाहणारा शब्द आपल्याच धाकानं दाबला जात होता. तिला स्वतःची लाज वाटली.

ती फाटक ढकलून अंगणात आली. गोलूनं तिला पाहिलं आणि आपलं इवलंसं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

"बोल त्याच्यासंगं," मंदाबाई म्हणाली. "तुह्या बोलीत बोल."

आता हा कोणता नवा फास, असं उर्वशीच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मग मंदाबाई गुडघ्यावर हात टेकत खाली बसली. चिमणीकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "तुमच्याकडं याले का म्हन्तेत?"

उर्वशी पुटपुटली, "चिरैया."

"गोलू, चिरैया," मंदाबाई म्हणाली. शब्द तिच्या तोंडात वाकडा पडला. कोणी हसलं नाही.

गोलूनं बोट काढलं नाही. तो आजीकडे रोखून पाहत राहिला, आणि त्या नजरेतला अविश्वास मंदाबाईनं लगेच ओळखला. तो तिचाच होता. ती आणखी थोडी पुढे सरकली आणि पुन्हा म्हणाली, "चिरैया."