वडिलांच्या कागदावरचा सूर्य

माझे वडील भूगोलाचे मास्तर. निवृत्तीनंतर टेंभुर्णीच्या घराच्या गच्चीवर ते रोज सकाळी छोटी दुर्बीण लावत, सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडत आणि त्यातले काळे डाग पेन्सिलीनं टिपत. खाली त्या दिवसाची हवा लिहीत. सूर्य खवळला की इथल्या हवेत काही फरक पडतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

दोन वर्षांमागे डाग फार वाढले. माघातल्या एका सकाळी शेजारच्या काकू ताक घेऊन गच्चीवर आल्या आणि कागद बघून थबकल्या.

"गुरुजी, हे काय?"

"सूर्यावरली वादळं हायेत."

"मंग गहू आत्ताच कापू का?"

"याच्यावरून काही सांगता येत न्हाई. हिरवा हाये अजून, थांबा."

काकू थांबल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ तांबूस झालं, पाखरं गप्प झाली आणि लिंबाएवढ्या गारा कोसळल्या. काकूंचा गहू भुईसपाट झाला.

वडिलांनी जुन्या वह्या काढून दाखवल्या. कितीदा नुसतेच डाग, गारा नाहीत. कितीदा गारा, अन् डाग नाहीत. काकूंनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं गुरुजी," एवढंच त्या हळू म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी अंगणात सात-आठ माणसं कागदाची वाट बघत उभी होती. ती बघून वडिलांनी दुर्बीण कपाटात ठेवून दिली.

पंधरा दिवसांनी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. काकू बांधावर उभ्या दिसल्या. कपाळावर हात आडवा धरून त्या थेट सूर्याकडे बघत होत्या. मी किंचाळले.

"डाग दिसून राह्यले मला!" त्या हसून ओरडल्या.

चार दिवस त्यांचं हेच चाललं होतं. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा डोळा मधोमध भाजलाय, नजर पुरती परत येईल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी पुन्हा दुर्बीण लावली. "कागदावर बघतील तर डोळे तरी राहतील," मला म्हणाले.

आता रोज माणसं येतात. वडील रोज तेच सांगतात, याच्यावरून काही कळत न्हाई. परवा डाग जास्त होते. आभाळ स्वच्छ होतं, वाराही नव्हता. तरी दुपारपर्यंत निम्म्या गावानं हिरवा हरभरा उपटायला घेतला होता.