वगळलेले प्रश्न

“मालक कोण?”

कोणाच्याही घरी किंवा ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसण्याआधी काका खिशातून दस्ती काढून कीबोर्ड पुसायचे आणि हा प्रश्न विचारायचे. दस्ती म्हणजे आमच्याकडचा हातरुमाल. त्यांची निळ्या चौकडीची होती. समोरचा बिचारा म्हणायचा, “मीच की.”

“खरंच? मग उघडून दाखवा बरं, आत काय हाय ते.”

समोरचा डब्याच्या मागचे स्क्रू शोधायला लागायचा. त्यांना प्रोग्रॅमच्या आतलं म्हणायचं असायचं. “जे उघडून बघता येत न्हाई, ते आपलं न्हाई,” एवढं ऐकवून ते कामाला लागायचे.

मी परभणीतल्या एका खाजगी शाळेत हेडक्लार्क आहे. याद्या करणं हे माझं काम आणि स्वभावही तोच. त्यांच्याविषयी लिहायचं ठरवलं तेव्हा आधी वहीत मुद्दे काढले. सतरा निघाले. निम्मे नुसते कॉम्प्युटरचे होते, ते गाळले. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेलच. त्याला एका गोष्टीची अनावर ओढ असते आणि त्याचं ऐकून घ्यायला कोणी नसतं. तेव्हा हे काका ओळखायला तुम्हाला वेळ लागणार नाही.

आमची ओळख वाचनालयात झाली. बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं : ‘मुक्त सॉफ्टवेअर. सर्वांना प्रवेश. रविवार, सकाळी दहा.’ मी पुस्तक बदलायला गेले होते. आतल्या खोलीत बारा खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर एक जुना लॅपटॉप आणि पुढे ते एकटेच उभे. एका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चपला नाहीत. चपला दाराबाहेर काढून ठेवलेल्या.

“या ताई, बसा. आत्ताच सुरू करायलो.”

मी दाराजवळच्या खुर्चीत बसले.

“पुढं बसा की. मागच्यांना दिसणार न्हाई.”

मागे कोणीच नव्हतं. मी पुढे बसले.

“शेतात मोटारीचा स्टार्टर असतो ना,” त्यांनी सुरुवात केली, “तो बिघडला की गावातलं कुणीबी स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडतं. कंपनीला विचारतं का? न्हाई. एकाला जमलं की तो दुसऱ्याला दाखवतो. मुक्त सॉफ्टवेअर म्हंजे तेच. आणि आपण घरात काय आणून ठेवलंय? झाकण चिकटवलेला डबा. आत काय शिजायलंय, पत्ता न्हाई.” बोलताना ते डावीकडून उजवीकडे सगळ्या खुर्च्यांवर नजर फिरवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “काही शंका?” आणि अर्धं मिनिट थांबले.

मी चार रविवार गेले. सवयीने हजेरीही लिहिली. मी चारही वेळा. आणखी एक गृहस्थ एकदा, तेही रेल्वेचं तिकीट छापून मिळतं का ते विचारायला आले होते. काकांनी त्यांना तिकीट छापून दिलं, बरोबर मुक्त सॉफ्टवेअरचं माहितीपत्रकही दिलं. माहितीपत्रक घडी करून त्यांनी तिकीट त्यात ठेवलं.

पुढे माझ्याच डोक्यात आलं की शाळेचा रखडणारा कॉम्प्युटर त्यांना दाखवावा. त्यांनी एका दुपारी त्यावर लिनक्स नावाचं, सगळं मशीन चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर टाकलं. मशीन पळायला लागलं, पण प्रिंटर रुसला. मुख्याध्यापक म्हणाले, “फुकटचं आणलं की असंच होणार.”

काका ताडकन उठले. “फुकटचं न्हाई सर, मोकळं. फुकट तर चोरूनबी मिळतं.”

तीन दिवस ते घरून डबा घेऊन येऊन ऑफिसात बसले. तिसऱ्या दिवशी शाळा सोडल्याचा दाखला निघाला. छापील कागदावर शाळेचं नाव सुलटं आणि मुलीचं नाव उलटं. मुख्याध्यापकांनी तो मान वाकडी करून पूर्ण वाचला. चौथ्या दिवशी सगळं सुलटं झालं, आणि तो प्रिंटर आजही चालतो. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पहिल्या तीन दिवसांचंच सगळ्यांच्या लक्षात आहे.

त्यांचे सोबती लांबचे होते. जगभरची काही माणसं मिळून एक प्रोग्रॅम मोकळा ठेवतात, त्याच्या बटणांवरचे आणि पट्ट्यांवरचे शब्द मराठीत आणण्याचं काम ते घरबसल्या करत. एकेका शब्दावर दिवस घालवत. ‘रद्द करा’ त्यांना कचेरीतला वाटे. “माणूस चुकून बटण दाबतो ताई. त्याला दटावायचं कशाला? ‘राहू द्या’ म्हणावं.” त्यांनी ‘राहू द्या’ पाठवलं. कुठल्याशा देशातल्या कोणीतरी एका ओळीत आभार मानले. ती ओळ छापून त्यांनी भिंतीला लावली होती. वरच्या कडेला चिकटपट्टी, खाली नाही, त्यामुळे पंखा सुरू झाला की आभार फडफडायचे.

तो कागद मी पाहिला तेव्हाच ती खोलीही पाहिली. दोन समोरासमोरच्या भिंती, प्रत्येकीला लावलेलं एक टेबल, प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर. दोन खुर्च्या, पाठीला पाठ.

“ते बाईंचं,” काका म्हणाले.

बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. पेडगावच्या शाळेत तिसरीला शिकवायच्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून काकाही बाईच म्हणायचे. मी या कॉलनीत राहायला येण्याआधीच त्या गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी सहा वाजता दोघं आपापल्या भिंतीकडे तोंड करून बसायचे. काका त्यांच्या खटपटीत, बाई काहीतरी टाइप करायच्या. नऊ वाजता उठायचे.

“काय टाइप करायच्या?”

“पेपर असतील शाळेचे.” मग म्हणाले, “विचारलं न्हाई कधी.”

यानंतरची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. बाईंच्या मशीनवर मराठी टाइप करण्याचा एक जुना विकतचा प्रोग्रॅम होता. काकांना तो घरात खुपायचा. अख्खं परभणी सोडा, स्वतःच्या घरातच एक झाकण चिकटवलेला डबा! बाई ऑपरेशनसाठी नांदेडला दवाखान्यात होत्या, तेव्हा काका दोन दिवस कपडे न्यायला घरी आले होते. बाई परत आल्या की त्यांना मशीन नवं, मोकळं, पळणारं मिळावं म्हणून त्यांनी ते पुसून लिनक्स टाकलं. बाईंच्या फायली आधी नीट पेनड्राइव्हवर घेतल्या. सगळ्या, एकसुद्धा सोडली नाही.

पण त्या प्रोग्रॅमची अक्षरं त्याच्याबरोबरच गेली. त्या काळच्या मराठीची वळणं ज्याच्या त्याच्या प्रोग्रॅममध्येच असत. तो गेला की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, टक्क्याची चिन्हं. विकणारे दुकान बंद करून कधीच निघून गेले होते.

बाई नांदेडहून परत आल्या नाहीत.

“आकडे तेवढे दिसतात,” काका म्हणाले. “बाकी गिचमीड. माझ्यासाठी काही लिहिलं असंल नसंल. पण ताई, मी परभणीभर सांगत फिरतो, उघडून बघता येत न्हाई ते आपलं न्हाई. आणि घरात ह्या फायली.”

मला रडणाऱ्या माणसापुढे काय करावं हे कळत नाही, यादी करता येते. मी वही काढली. एक : बाईंनी केलेला एक तरी पेपर छापलेला मिळवणे. दोन : त्याची गिचमीड फाईल शोधणे. तीन : दोन्ही शेजारी ठेवून कोणत्या चिन्हाला कोणतं अक्षर, त्याचा तक्ता करणे.

काका वहीकडे बघत राहिले. “पाच वर्षं मी अक्षरं शोधायलो होतो,” ते म्हणाले. “पेपर शोधायचं सुचलं न्हाई.”

शनिवारी आम्ही पेडगावला गेलो. शाळेतल्या गुरुजींनी लोखंडी कपाट उघडलं, धूळ झटकली आणि बाईंचा तिसरीचा गणिताचा एक पेपर काढून दिला. “बाईंचे पेपर लय सोपे असायचे,” ते म्हणाले, “पण पोरं हसायची मधेच. परीक्षेत हसणारी पोरं त्यांचीच.” काकांनी पेपर दस्तीत गुंडाळला.

पेपरात १४४ आंबे वाटायचे होते. फायलींत आकडे शाबूत होते, म्हणून १४४ शोधलं. एकाच फायलीत सापडलं. तिथून पुढचे सात रविवार तक्ता. मी वहीचं पान उभं दुमडलं, डावीकडे चिन्ह, उजवीकडे अक्षर. काका एकेक चिन्ह वाचायचे, मी लिहायची. पहिल्या वेलांटीने फार छळलं. ती त्या प्रोग्रॅममध्ये अक्षराच्या आधी यायची आणि आमचे शब्द मोडायचे. “आमच्या बाईंसारखीच,” काका म्हणाले, “मी तोंड उघडायच्या आधी हिचं उत्तर तयार.” त्यांना त्या खोलीत हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तक्ता पुरा झाला तसा त्यांनी त्यावरून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, गिचमीड घालायची आणि मराठी काढायची. आधी तो सगळ्यांसाठी मोकळा करून टाकला. “कुणाच्या तरी घरी अशाच फायली पडल्या असतील.” मग बाईंच्या फायली घातल्या.

पेपर निघाले. सहामाही, वार्षिक, सराव. आंबे, पेन्सिली, पेडगावहून परभणीला निघालेली बस. काका प्रत्येक पेपर शेवटपर्यंत वाचत होते आणि पुढचा उघडत होते. चाळिसाव्या फायलीला मला वाटलं, आता थांबावं. एकच फाईल उरली होती. तिच्यातली पहिली ओळ मराठीत आली : ‘वगळलेले प्रश्न’.

पोरांना देता येणार नाहीत असे प्रश्न बाईंनी तिथे ठेवले होते. पहिला असा :

‘एका बाईंनी चार भाकरी केल्या. एक माणूस संगणकापुढून “आलोच” असे तीन वेळा म्हणाला. प्रत्येक वेळी १० मिनिटे गेली. तर बाईंनी गार भाकर किती मिनिटांनी वाढली?’

काका मोठ्याने हसले. “तीस!”

दुसऱ्यात एका माणसाच्या घरी सात कॉम्प्युटर होते, त्यांतले पाच बंद, आणि धूळ कोणी पुसायची ते विचारलं होतं. तिसऱ्यात कीबोर्ड पुसायला एका माणसाने घरातल्या किती दस्त्या नेल्या ते. काका हसत हसत वाचत गेले. शेवटचा प्रश्न त्यांनी मोठ्याने वाचायला घेतला आणि मध्येच मनात वाचू लागले. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली.

‘एका खोलीत दोन माणसे पाठीला पाठ करून बसतात. ती ६ वाजता बसतात आणि ९ वाजता उठतात. तर ती दोघे किती वेळ सोबत होती?’

सहा आणि नऊ. हे दोन आकडे ते इतकी वर्षं बघत होते.

“ताई,” त्यांनी विचारलं, “उत्तर काय धरायचं? तीन तास का शून्य?”

मी शाळेतली हेडक्लार्क. म्हटलं, “प्रश्नात दिलंय तेवढंच धरायचं असतं काका. तीन तास.”

त्यांनी दस्ती काढली, कीबोर्ड पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. मग म्हणाले, “उघडंच होतं की सगळं. मान वळवली असती तरी दिसलं असतं.”

निघताना त्यांनी मला टेबलाचं दुसरं टोक धरायला लावलं. बाईंचं टेबल भिंतीपासून ओढून आम्ही त्यांच्या टेबलापर्यंत आणलं. त्यांचंही ओढून फिरवलं. दोन टेबलं समोरासमोर, मध्ये स्क्रीनच्या पाठी. “स्क्रीन जरा कडेला घ्या,” ते म्हणाले, “आडवं येतंय.”

वाचनालयातला रविवार त्यांनी चालू ठेवला, पण संध्याकाळी सहाला ते घरीच असत. मी कधी डोकावले तर म्हणायचे, “बसा, पण तिथं नको,” आणि मला स्टूल द्यायचे.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते खुर्चीतच गेले. सेलूहून त्यांचा पुतण्या आला. घर रिकामं करायचं होतं आणि किल्ली त्याने माझ्याकडे दिली. मी यादी केली. चालू असलेले दोन्ही कॉम्प्युटर पेडगावच्या शाळेला, ही त्यांचीच इच्छा. पेनड्राइव्ह, वाचनालयाची पुस्तकं, भिंतीवरचा आभाराचा कागद.

मशीन देण्याआधी काही राहिलं का म्हणून त्यांचा कॉम्प्युटर उघडला. ‘उत्तरपत्रिका’ नावाची फाईल होती. बाईंचे सगळे पेपर त्यांनी सोडवले होते, तिसरीच्या पोरासारखे, रीत दाखवून. १४४ आंबे बरोबर वाटले होते. पेडगावची बस वेळेवर पोचली होती. गार भाकरीपुढे लिहिलं होतं : ३० मिनिटे, चूक माझी.

शेवटच्या प्रश्नापुढे रीत नव्हती. नुसतं, ‘३ तास (ताईंच्या मते).’

पुतण्या बाहेरून म्हणाला, “काकू, टेम्पो आलाय. टेबलं उचलायची का?”

“थांब जरा,” मी म्हणाले, आणि आजवर कधी बसले नव्हते त्या बाईंच्या खुर्चीत बसले. समोर त्यांची खुर्ची होती. तिच्या पाठीवर निळ्या चौकडीची दस्ती वाळत घातलेली होती, कधीच वाळून गेलेली.

माझ्या यादीत दस्ती नव्हती.