फोटो की व्हिडिओ: भातकुलीच्या पुढे, बादशाच्या शेवटच्या धावेला

वऱ्हाडातल्या तमाम चहावाल्यांविरुद्ध मला एक तक्रार नोंदवायची आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्यानं नोंदवतो आहे. कप काठोकाठ भरणं हा इथे आतिथ्याचा भाग समजला जातो. इवलासा कागदी कप, धरायला कान नाही, आणि चहा असा भरलेला की वर किंचित फुगवटा दिसावा. संस्कृतात 'आकंठ' असा एक समंजस शब्द आहे. आकंठ म्हणजे गळ्यापर्यंत. गळ्याच्या वरचा भाग मोकळा सोडायचा असतो, हे अकोल्याच्या बसस्टँडवर कोणाला पटवून द्यायचं? शनिवारी सकाळी त्या कपातला बराचसा चहा माझ्या शर्टानं प्यायला, तेव्हा शेजारी उभे असलेले अन्वरभाई म्हणाले, "मास्तर, अजून बस हालली बी नाई."

अन्वरभाईंचं जठारपेठेकडे गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे. मी शाळेत संस्कृत शिकवतो. आमच्यात समान असं काहीच नाही, फक्त एक बैल आहे, आणि तोही आमचा नाही.

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलका छकडा, त्यावर उभा हाकणारा आणि शेताच्या मधोमध आखलेली सरळ वाट. आमच्याकडे नुसतं 'पट' म्हणतात. लोक जसे एखाद्या फलंदाजासाठी गावोगाव जातात, तसे आम्ही काही लोक भातकुलीकडच्या देवरावांच्या बादशा-पवन या जोडीसाठी जातो. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात माणसं कमी आणि मतं फार. ग्रुपात फोटो माझे असतात, व्हिडिओ अन्वरभाईंचे. ही वाटणी अनेक वर्षांची आहे आणि तिच्यावरचं भांडणही तितकंच जुनं आहे.

या खेपेला मात्र अन्वरभाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. स्कूटर गिट्टीवरून घसरली. आणि बादशाचं वय झालं म्हणून हा त्याचा शेवटचा पट होता. त्यामुळे माझ्या गळ्यात माझा कॅमेरा आणि मांडीवर त्यांचा व्हिडिओचा, असा मी खिडकीशी बसलो होतो.

अकोला ते अमरावती रस्ता आता उत्तम आहे. एसटीचं भाडं दोनशेच्या आत, वेळ दोन-अडीच तास, मूर्तिजापूरला गाडी थांबते. माघातलं ऊन सुंदर असतं. हरभरा घाट्यांवर आलेला, तुरीच्या गंजी लागलेल्या. उजव्या बाजूला बसू नका, भाजून निघाल.

"माझं शास्त्र असं आहे," मी मूर्तिजापूरच्या पुढे सुरू केलं. "निमिष म्हणजे पापणी लवण्याचा काळ. देवांची पापणी लवत नाही, म्हणून ते अनिमिष. तेव्हा व्हिडिओ हे देवांचं काम. पापणी लवणाऱ्या माणसानं फोटो काढावा. एक क्षण उचलावा आणि गप्प बसावं."

"देवाले पट पाहाले टाइम हाय काय?" अन्वरभाई म्हणाले. "अन् तुमचा क्षण मी पायला मास्तर. बैल हवेत लटकून राहिला. पुढं पडला का जिंकला, कोणाले मालूम?"

"ते पाहणाऱ्यानं कल्पावं."

"कल्पाले लोक रिकामे नाईत. हात जुळेपर्यंत चालवा हा कॅमेरा. आवडला तं तुमालेच ठेवा. माह्या पोरीचं म्हणणं, बाबा आता धूळ खाणं पुरे करा."

पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून विचारलं, "लग्नाची ऑर्डर हाय का?" बैलाची आहे म्हटल्यावर त्यांनी पुन्हा मागे पाहिलं नाही.

अमरावतीत स्टँडजवळ लॉज हजाराच्या आसपास मिळतात. गरम पाणी सकाळीच, आणि तेही मॅनेजरच्या मनावर. सामान टाकून आधी गिला वडा खाल्ला. दह्यात भिजलेला वडा, वर तिखट चटणी. इथे येऊन तो न खाता परत जाणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याची कीव करतो. मग ऑटो ठरवून भातकुलीच्या पुढे देवरावांच्या गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. मागच्या वेळी लिहिलं होतं, तर देवरावांचा फोन आला, "सर, पाहुणे वाढले, जरा आवरा."

बादशा अंगणात उभा होता. पांढऱ्याचा आता थोडा पिवळट झालेला, कपाळावर भोवरा, आणि चेहऱ्यावर आमच्या मुख्याध्यापकांसारखा कंटाळा. त्याच्या गळ्याखाली खाजवत देवरावांच्या पत्नी कमलाबाई उभ्या होत्या. बादशा वासरू असताना त्याची आई साप चावून गेली. कमलाबाईंनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. गावातला प्रत्येक माणूस बादशाचा पट पाहून आला आहे, पण कमलाबाई जात नाहीत.

का, ते त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

"एकडाव गेली होती ना मी. बाजूले उभी राहून नुसतं 'बादशा' म्हटलं. झालं गुरुजी! थो पट सोडून सरळ माह्याकडं. छकडा घेऊन, पवनले घेऊन, हाकणाऱ्याले घेऊन. लोकं पळाले, कोणाची चप्पल कुठं, कोणाचं धोतर कुठं. अन् थो येऊन उभा राहिला, माह्या पदराले तोंड लावून."

"पयला नंबर पक्का होता," देवराव म्हणाले. इतक्या वर्षांनंतरही त्यांचा आवाज दुखावलेला होता.

"तवापासून मले बंदी हाय. अन्वरभाऊ व्हिडिओ आणते थे टीव्हीवर लावून पायते मी."

"वहिनी, मी काढलेला त्याचा फोटो आहे की भिंतीवर," मी म्हणालो. खरोखरच होता. मोठा करून, हार घालायच्या जागी.

"हाय ना. लय साजरा हाय. पण फोटोत थो पयत नाई ना गुरुजी."

फोटोत तो पळत नाही, या आक्षेपावर माझ्याकडे उत्तर होतं, निमिषासकट. पण त्या पुढे बोलू लागल्या. पट संपला की थांबताना बादशा मान डावीकडे वळवतो. तो लहान असताना कमलाबाई दुधाची बाटली घेऊन डाव्या बाजूला बसत, म्हणून. अन्वरभाईंच्या प्रत्येक व्हिडिओत शेवटी ती मान वळते आणि कमलाबाई एवढ्यासाठीच सारं पाहतात.

"औंदा शेवटचा हाय. मान वळवते का थे तेवढं याच्यात येऊ द्या," त्यांनी व्हिडिओच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं. "बाकी हरला तं हरला."

"हरला तं हरला कसं?" देवराव म्हणाले. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

रविवारी सकाळी पट. जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. प्रवेश फुकट, गाडी लावायचे वीस रुपये. नाकाला रुमाल बांधा. रोडगे आणि वांग्याची भाजी दुपारी एकच्या आत खाऊन घ्या, नंतर नुसतं वांगं उरतं. फोटो काढणार असाल तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही वर शटर ठेवा, तेव्हाच उडालेलं ढेकूळ हवेत गोठतं. आणि शेवटच्या टोकाशी उभे राहू नका. तिथे सगळे मोबाइलवाले असतात आणि प्रत्येकाच्या व्हिडिओत पुढच्याचं डोकं असतं.

अन्वरभाईंची जागा ठरलेली. पटाच्या मध्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असते, तिच्यावर चढायचं. तिथून सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग दिसतं. पण ट्रॉलीवर माणसं इतकी की कॅमेऱ्याच्या तिपाईला पाय टेकायला जागा नाही. कॅमेरा हातातच धरावा लागतो आणि जोडीबरोबर कमरेतून वळावं लागतं.

"श्वास रोखा, कोपरं पोटाले लावा, अन् वळा," अन्वरभाईंनी खालून शिकवलं. "काही कठीण नाई."

बादशा-पवनचं नाव पुकारलं. मी कोपरं पोटाला लावली. छोट्या पडद्यात ती दोन पांढरी तोंडं दिसली आणि मग पडदा थरथरू लागला. शेत हलत होतं, लोक हलत होते, क्षितिज पाण्यातल्यासारखं हेलकावत होतं. मी उजव्या हातावर डावा हात दाबला, तशी थरथर वाढली. जोडी सुटली. समोरून खुरांचा आवाज आणि धूळ गेली. मी वळलो, पण मी बैलाकडे पाहत नव्हतो. माझी सारी नजर माझ्या मनगटावर होती. गळ्यातला माझा कॅमेरा छातीवर नुसता आपटत राहिला.

"आलं का सारं?" अन्वरभाईंनी विचारलं.

"आलं," मी म्हणालो.

बादशा तिसरा आला. या वयात तिसरा म्हणजे पहिलाच, असं देवराव भेटेल त्याला सांगत होते आणि रुमालानं डोळे पुसत होते. धुळीमुळे, असंही सांगत होते.

संध्याकाळी त्यांच्या घरी टीव्हीला वायर जोडली. अर्धं गाव बसलेलं. कमलाबाई सगळ्यांत पुढे, जमिनीवर, हातपाय धुऊन, स्वच्छ लुगडं नेसून.

चित्र सुरू झालं आणि हेलकावू लागलं. मग अन्वरभाई म्हणाले, "मास्तर, कॅमेरा धरला होता का सूप? जसे तांदूळ पाखडून राहिले."

घर हसलं. मीही हसलो.

"ट्रॉलीच हालत असन," देवराव माझी बाजू घेऊन म्हणाले.

"मागून रेटत होते ना," मी म्हणालो. "आणि वारंही गार होतं."

"वारं?" अन्वरभाई म्हणाले. "मी घामानं भिजलो होतो."

शेवटाशी कमलाबाईंनी हात वर केला. "थांबवा तिथं."

अन्वरभाईंनी डाव्या हातानं चित्र थांबवलं. पडद्यावर एक पांढरट फराटा होता आणि त्याच्याभोवती तपकिरी फराटे. पुढे नेलं, मागे नेलं. मान असेल तिथे मान नव्हती. गावातल्या लोकांचे मोबाइल मागवले. एकात कोणाचं तरी कोपर, एकात नुसता आरडाओरडा, आणि एकानं तर मोठ्या अभिमानानं दुसऱ्याच जोडीचा व्हिडिओ दाखवला.

कमलाबाई माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, खालच्यायले नुसती धूळ दिसली, तुमी तं वर होते. तुमाले दिसलं असन. वळवली का त्यानं मान?"

हो म्हणता आलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता.

"माझं लक्ष नव्हतं, वहिनी," मी म्हणालो. "मी कॅमेऱ्याकडे पाहत होतो."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मांडीवर ठेवलेल्या माझ्या हातांकडे. "राहू द्या. वळवली असन," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

थोड्या वेळानं सगळ्यांना चहा आला. अन्वरभाईंचा कप काठोकाठ. देवरावांचा कप काठोकाठ. माझ्या हातात त्यांनी कप दिला तो अर्धाच भरलेला होता. दुसऱ्या हातानं त्यांनी त्याखाली बशी धरली, मी नीट पकडेपर्यंत. मी तो सगळा चहा प्यायलो, शर्टावर एक थेंब न सांडता.

परतीच्या बसमध्ये बडनेऱ्यापर्यंत अन्वरभाई माझी चेष्टा करत होते. पुढे त्यांनी माझ्या मांडीवरून आपला कॅमेरा उचलला आणि पिशवीत ठेवला. "तुमचं फोटोच बरं, मास्तर," एवढंच म्हणाले. एरवी त्या वाक्यासाठी मी त्यांना जेवण दिलं असतं.

आता घरी, अकोल्यात, धुळीचे कपडे भिजत घातले आहेत आणि मी हे लिहितो आहे. ज्या वाचकांनी विचारलं होतं की पटाच्या नादाला लागताना फोटोचा कॅमेरा घ्यावा की व्हिडिओचा, त्यांना मी नेहमीसारखं उत्तर देऊ शकलो असतो. पण त्या दिवशी कमलाबाईंना जे हवं होतं, ते एका फोटोतही आलं असतं. वळलेली मान, बस. माझा कॅमेरा गळ्यातच होता आणि मी तो डोळ्याला लावला नाही. बादशा आता पळणार नाही. त्यामुळे मान वळली की नाही, हे आता कोणालाच कळणार नाही.

आणि निमिषाचं ते शास्त्र. पूर्वी ते माझं खरंच मत होतं. दिवाळीपासून मी त्याच्याआड उभा आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागात कोणाचाच हात हललेला दिसत नाही, म्हणून माझे फोटो अजून स्वच्छ येतात, आणि म्हणून घरात कोणाला काही कळलेलं नाही. चहावाल्यांची काही चूक नाही, कप ते पूर्वीही तेवढेच भरायचे. माझा उजवा हात थरथरतो. वडिलांचं असंच उजव्या हातापासून सुरू झालं होतं, आणि शेवटची काही वर्षं आई त्यांना घास भरवायची. मी अजून डॉक्टरांकडे गेलेलो नाही. ते काय सांगतील याची मला भीती वाटते.