वहिनीचं पदग्रहण

आमच्या सोसायटीतली सगळी तरुण मंडळी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती, त्या काळात मी नव्याने पदावर बसलेल्या पुढाऱ्यांची पहिली भाषणं ऐकत होते. विद्यापीठात भाषाविज्ञानात माझी पीएचडी चालली होती आणि विषय होता, पदग्रहणाच्या भाषणांचा साचा. मृत्युलेख किंवा लग्नपत्रिका जशी ठरलेल्या वळणाने जाते, तशीच ही भाषणंही जातात का, कोणता टप्पा कुठे येतो आणि त्यातून काय साधतं, हे शोधायचं होतं. नातेवाईक कौतुकाने विचारायचे, "मग यानंतर अमेरिका?" मी म्हणायची, "नाही, यानंतर सरपंच."

माझे मार्गदर्शक सर कमी बोलायचे. पहिलं प्रकरण वाचून त्यांनी चष्मा पुसला. "एवढी भाषणं ऐकूनही आपली प्रकृती उत्तम आहे. हे निष्कर्षांत घाला."

भाषणं खरोखरच एका वळणाची निघाली. आधी आपण किती लहान आहोत हे सांगायचं, तेही पाच हार गळ्यात असताना. मग मातीला वंदन. मग सिंगापूर. प्रत्येकाला आपलं गाव सिंगापूर करायचं होतं. सिंगापूरला कुणी विचारलं नव्हतं. पण मला सगळ्यांत आवडायचा तो मावळत्या माणसाच्या स्तुतीचा टप्पा. तिथे वक्त्याचा आवाज भरून यायचा आणि समोर बसलेल्या मावळत्या माणसाचा चेहरा पडायचा.

आम्ही वारज्यात राहायचो. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी तिथे घर घेतलं. वारजं नुकतंच महापालिकेत आलं होतं, पाणी मात्र अजून ग्रामपंचायतीच्या लहरीने यायचं. माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा, केबल टीव्हीचा धंदा होता. घरोघरी शंभर चॅनेल पोचवल्यावर आपण स्वतः महापालिकेत पोचावं असं त्याला वाटू लागलं. त्याने वाढदिवसाचे फलक लावले, गणपतीला वर्गण्या दिल्या, पांढरे कपडे शिवले. आणि आरक्षणाच्या सोडतीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला.

दादा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने वहिनीला सांगितलं, "तुझा फॉर्म भरतोय. तू फक्त हात जोडायचे."

वहिनी बारा वर्षं केबलच्या तक्रारींचा फोन घेत होती. मॅच चालू असताना केबल गेलेल्या माणसाशी शांतपणे बोलण्याचा तिचा अनुभव कोणत्याही मंत्र्यापेक्षा जास्त होता. कुणाची सासू आजारी आहे, कुठल्या इमारतीची मोटर जळाली आहे, सगळं तिला ठाऊक. तिने हात जोडले आणि ती निवडून आली. फलकावर दादाचा फोटो मोठा होता, तिचा पासपोर्टच्या मापाचा.

संपर्क कार्यालयाच्या उद्घाटनाला दादाने 'पदग्रहण सोहळा' असं भारदस्त नाव दिलं आणि माझ्याकडे आला.

"तुझ्या त्या अभ्यासाचा घराला पहिल्यांदाच उपयोग होणार आहे. हिला भाषण लिहून दे. माझे पती आणि माझे राजकीय गुरू, हे दोनदा तरी आलं पाहिजे."

"तीनदा घालते."

"घाल," तो म्हणाला. पुण्यात वाढूनही टोमणा कळू नये, याला पुढारीपणच लागतं.

मी साच्याबरहुकूम भाषण लिहिलं. नम्रता, माती, सिंगापूर, सगळं जागच्या जागी. वहिनी मटार सोलता सोलता ते वाचत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "वन्सं, ही सगळी मंडळी आधीच्या माणसाबद्दल इतकं चांगलं का हो बोलतात? एरवी तर एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

मला कोण आनंद झाला! घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझा विषय विचारत होतं. मी म्हटलं, "कारण शिव्या दिल्या तर माणूस उत्तर देतो. स्तुतीला काय उत्तर देणार? त्यांचं मार्गदर्शन सदैव लाभो, याचा अर्थ, यांना आता बैठकीला बोलावू नका."

"असं होय," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

सोहळ्याला मांडव भरला होता. दादा व्यासपीठावर मधोमध बसला होता. वहिनीने कागदावरून नम्रता वाचली, माती वाचली. राजकीय गुरूंपाशी येताच तिने कागद खाली केला आणि दादाकडे वळली.

"आज मी इथे आहे ती यांच्यामुळे. हा वॉर्ड यांनी उभा केला. लोकांसाठी धावताना स्वतःच्या तब्येतीकडे कधी पाहिलं नाही. यांनी खूप केलं. आता यांनी थोडी विश्रांती घ्यावी, अशी तुम्हा सर्वांच्या वतीने मी विनंती करते. आता त्रास द्यायचा तो मला द्या. यांचं मार्गदर्शन मला घरून लाभत राहीलच."

तिचा आवाज भरून आला. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सर्वांत जोरात दादाच टाळ्या वाजवत होता. पाहुणे म्हणून आलेले ज्येष्ठ नेते या भाषणांत मुरलेले होते. त्यांना तत्काळ उमगलं. त्यांनी उठून वहिनीसाठी आणलेली शाल दादाला पांघरली, नारळ हातात दिला आणि पाठीवर थोपटलं. एक्केचाळिसाव्या वर्षी माझा भाऊ समारंभपूर्वक निवृत्त झाला. मी तोंडाला पदर लावून बसले. बाजूच्या बाईंना वाटलं, मी रडतेय.

घरी आल्यावर दादाला शाल टोचू लागली. "मला विश्रांती कशाला? मला काय झालंय?"

"अहो, सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्यात तुम्ही," वहिनी शांतपणे म्हणाली. "आता नाही म्हटलंत तर लोक काय म्हणतील?"

महिनाभर तो कार्यालयात जाऊन बसत राहिला. येणारा प्रत्येक जण आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करायचा आणि मग विचारायचा, "मॅडम कधी येतात?" शेवटी कंटाळून तो धंद्याकडे वळला. आयटीतले भाडेकरू वारज्यात येऊ लागले होते, त्यांना इंटरनेट हवं होतं. त्या तारा ओढण्यात तो असा रमला, की पांढरे कपडे रंगपंचमीला वापरून संपवले.

मी हे उदाहरण प्रबंधात घालायचं म्हटलं, तर सर म्हणाले, "घरचा पुरावा चालत नाही. पण आपल्या वहिनींना परीक्षक म्हणून बोलावता येईल का बघा." पदवी मिळाली, नोकरी मात्र मिळाली ती सॉफ्टवेअर कंपनीत, माहितीपुस्तिका लिहायची.

वहिनीने पाण्याची वेळ ठरवून घेतली, ती बऱ्यापैकी पाळलीही गेली. दुसऱ्यांदा निवडून आली तेव्हा मी आणि दादा मागच्या रांगेत बसलो होतो. आता ती कागद घेत नव्हती. ती आपण किती लहान आहोत हे सांगत होती, गळ्यात सात हार होते. मग तिने वारज्याचं सिंगापूर करायला घेतलं.

दादा माझ्याकडे झुकून म्हणाला, "छान बोलते ना?"

"फारच," मी म्हटलं.

त्याला या वेळीही कळलं नाही. तो अभिमानाने तिच्याकडे बघत राहिला.