पाइपामागचं सिमेंट

कोल्हापुरात बसून मी तेलविहिरींचं काम करते म्हटलं की लोक आधी हसतात. इथं तेल म्हणजे घाण्याचं. पण गुजरातेत तेलविहिरी खणणाऱ्या रिगवर मी बरीच वर्षं काढली आहेत. वडील गेल्यावर आईला कुरुंदवाडहून राजारामपुरीत माझ्याकडे आणलं आणि मग कंत्राटावर घरूनच काम सुरू केलं. विहिरीत मोजणी होते, तिची फाइल माझ्या लॅपटॉपवर येते, मी ती वाचते आणि अहवाल देते.

ही मोजणी कसली, ते आईला मी एकदा स्वयंपाकघरातच दाखवलं होतं. स्टीलच्या रिकाम्या पेल्यावर चमचा मारला, तो खणखणला. मग पेला मुठीत घट्ट धरून मारला, आवाज दबला. तेलविहिरीत उतरवलेला लोखंडी पाइप आणि बाहेरचा खडक यांच्यामधली फट सिमेंटनं भरतात. सिमेंटनं पाइपाला घट्ट धरलं असेल तर आत सोडलेला आवाज दबतो. सिमेंट नसेल तर पाइप घंटेसारखा वाजत राहतो. पाइपामागं डोळ्यांनी बघता येत नाही, म्हणून कानांनी बघायचं. आणि हे बघावंच लागतं, कारण तीच फट धरून खालचा वायू नि खारं पाणी वर चढतं, आणि वरच्या थरांत गावाचं पिण्याचं पाणी असतं.

त्या दिवशी आलेल्या फाइलमध्ये पाइप नेमका गोड्या पाण्याच्या थराखालीच वाजत होता. थोडाथोडका नाही, लांबच्या लांब पट्टा. सिमेंटमधून जाऊन खडकाकडून परत येणारा आवाज जवळजवळ नव्हताच. मी दोनदा तपासलं आणि स्पष्ट लिहिलं: इथं सिमेंटनं पाइप धरलेला नाही, पाइपाला छिद्रं पाडून दाबानं पुन्हा सिमेंट भरावं.

दुपारी मला कंत्राट देणाऱ्या मोजणी कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. पुण्याचा मुलगा, माझ्याहून लहान, रिगवर माझ्याच हाताखाली शिकलेला.

“मॅडम, तेवढं वाक्य जरा सौम्य करा ना. केसाएवढी फट असणार. त्यातून काही वाहत नाही, तुम्हाला माहितीये.”

“असेल की,” मी म्हणाले. “मग विहिरीत दाब देऊन पुन्हा मोजा. केसाएवढी फट असेल तर पाइप फुगून ती मिटेल आणि आवाज दबेल. तसं झालं तर मी स्वतः वाक्य बदलते.”

“रिग पुढच्या विहिरीवर न्यायची आहे, मॅडम. वेळ कुठंय?”

“तर मग वाक्य तसंच राहील.”

रविवारी तो चक्क दारात उभा. अंबाबाईच्या दर्शनाला आलो होतो म्हणाला. हातात पेढ्यांचा बॉक्स. आईनं पावणं आलं म्हणून भाकरी टाकली, वांग्याची भाजी वाढली. जेवता जेवता तो सहज बोलल्यासारखं बोलत राहिला. वर्षभराचं पक्कं कंत्राट देता येईल. वरचे लोक माझ्यावर खूश आहेत. एका ओळीसाठी एवढं ताणण्यात काय अर्थ आहे.

मग तो हसून म्हणाला, “आणि मॅडम, ते पाणी काय आपण पिणार आहोत?”

माझ्या कानशिलांतून जाळ निघाला. मी काही बोलायच्या आत भाकरी थापता थापता आई थांबली.

“मग कोण पिणार हाय?”

तो गडबडला. “तसं नाही काकू, म्हणजे तिकडची गावं...”

“तिकडं माणसं न्हाईत व्हय? महापुरात आमच्या इहिरीत घाण शिरली तवा आमच्याबद्दल बी कुणी असंच म्हणालं आसंल. उपसून उपसून हात मोडलं, तरी पोरं आजारी पडलीच. तुमच्या त्या खोल इहिरीतली घाण कोण उपसायचं?”

त्यानं खाली मान घालून जेवण संपवलं. पेढे मी त्याच्या गाडीत परत ठेवले.

मला वाटलं, विषय मिटला. मिटला नव्हता. आठवडाभरानं तेल कंपनीला गेलेल्या अहवालाची प्रत माझ्याकडे आली. माझे आलेख, माझी मांडणी, खाली माझं नाव. माझं वाक्य मात्र नव्हतं. त्याच्या जागी ‘सिमेंटची पकड समाधानकारक, किरकोळ सूक्ष्म फट’. खोटं बोलायचं तर स्वतःच्या नावानं बोला. माझ्या नावाखाली बोलायची हिंमत होते कशी? मी त्याला फोन लावला, त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला, कट केला.

मग मी तेल कंपनीच्या ड्रिलिंग प्रमुखांनाच फोन केला आणि माझा मूळ अहवाल पाठवून दिला. ते आभार मानतील असं मला वाटत नव्हतं, पण त्यांनी उलट मलाच झापलं. मी परस्पर का आले, कंपनीतर्फे का नाही?

“कंपनीतर्फेच पाठवला होता, साहेब. वाटेत बदलला,” मी म्हणाले. “तुम्ही रागवा, पण दाब देऊन एकदा मोजा. मी चुकले असेन तर पुन्हा हे काम करणार नाही.”

त्यांनी विहिरीचा नंबर पुन्हा विचारून घेतला. मग, “बघतो.”

त्यांनी रिग थांबवली. दाब देऊन मोजलं, आणि पाइप पहिल्यासारखाच वाजला. हे मला रिगवरच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. छिद्रं पाडली, सिमेंट भरलं, पुन्हा मोजलं. या वेळी आवाज दबला म्हणे. तो आलेख मला कुणी दाखवला नाही, आणि त्या मोजणी कंपनीकडून पुढं एकही फाइल आली नाही. आता मी दुसऱ्या एका छोट्या कंपनीचं काम करते.

दिवाळीत त्या मॅनेजरचा फोन आला. शुभेच्छा देऊन म्हणाला, “शेवटी सगळं चांगलंच झालं ना, मॅडम?”

“त्या खोट्या अहवालावरचं माझं नाव काढलंत?”

“ते सिस्टीममध्ये गेलंय, मॅडम. आता बदलता येत नाही. आणि कोण बघतंय ते?”

माझं वाक्य बदलायला सिस्टीम आडवी आली नव्हती! मी फोन ठेवला. दिवाळीच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडलं, त्याच दिवशी ओळखीच्या वकीलबाईंकडे जाऊन त्या मोजणी कंपनीला नोटीस पाठवायला सांगितली. आई सोबत आली होती. वकीलबाईंनी विचारलं, नुकसानभरपाई किती मागायची? मी म्हटलं, भरपाई नको, माझं नाव मला परत हवंय. त्या म्हणाल्या, हे वेळखाऊ असतं. आई म्हणाली, “लागू दे की वेळ. आमी कुठं जातोय?”

नोटिशीला अजून उत्तर आलेलं नाही.